मृत्युपत्रावरची सही खोटी आहे हे हस्ताक्षरतज्ज्ञ कसं ओळखतात?

तुम्ही लिहिलंय की काकांनी तुमच्या वडिलांचं मृत्युपत्र पुढे केलंय, तुमच्याकडे त्याच्या झेरॉक्सचा मोबाईलवर काढलेला फोटो आहे, आणि "सही वडिलांचीच वाटते, पण वडील असं लिहून देणं शक्यच नाही." ही शेवटची ओळ वाचली आणि राहवलं नाही. सही त्यांचीच वाटत असेल, तर सहीच्याच मागे का लागलाय?

आधी सरळ उत्तर. सहकारी बँकेत माझी 29 वर्षं गेली, त्यातली निम्मी चेक पास करण्यात. सही स्पेसिमेन कार्डाशी (खातेदाराच्या सहीचा बँकेतला नमुना) जुळली नाही तर आम्ही बघायचोच, पण अगदी रेघेला रेघ जुळली तर जास्त बघायचो. कारण माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करत नाही. गिरवलेल्या सहीत पेन रेंगाळतं, रेघ थरथरते, नको त्या ठिकाणी पेन उचललेलं दिसतं आणि शेवटचा फराटा निमुळता व्हायच्या ऐवजी ठिपका देऊन थांबतो. तज्ज्ञ हेच मायक्रोस्कोपखाली बघतात, शिवाय तिरपा प्रकाश, अतिनील, अवरक्त वगैरे लावून. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या कामाचं ते नाही, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, 2011 च्या मार्चमध्ये गेले. 2013 मध्ये चुलतभावाने तलाठ्याकडे फेरफारासाठी मृत्युपत्र दिलं. आम्हाला कळलं ते नोटीस आल्यावर. तारीख 12 जानेवारी 2009. साधा कागद, कॉम्प्युटरवर छापलेला मजकूर, नोंदणी नाही. विहिरीकडची 1 एकर 10 गुंठे बागायत पुतण्याला, "कारण त्याने माझी सेवा केली." सेवा! अण्णांच्या आजारपणात हा गृहस्थ दोनदा आला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन गेला.

हरकत घेतली, प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं. दादाचं (माझे थोरले बंधू) पहिल्या दिवसापासून एकच पालुपद: सही खोटी आहे, हँडरायटिंग एक्स्पर्टकडे पाठवा, महिन्यात निकाल. मी कोर्टात मूळ कागद पाहिला आणि घरी येऊन सांगितलं की सही अण्णांचीच आहे. त्यांचं खातं माझ्याच शाखेत होतं, ती सही मी शेकडो वेळा पास केली होती. घरात स्मशानशांतता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" हा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही.

दादाने वकिलांना गळ घालून अर्ज करायला लावलाच. प्रश्न एकच: वादातली सही आणि बँकेतल्या मान्य सह्या (ज्यांबद्दल वादच नाही अशा) एकाच व्यक्तीच्या आहेत का? सात महिन्यांनी अहवाल आला: आहेत. अर्ज आमचा, पैसे आमचे, अहवाल त्यांचा. समोरचे वकील प्रत्येक तारखेला त्यातला तेवढाच परिच्छेद वाचून दाखवायचे.

अहवाल चुकीचा नव्हता हो. विचारलं त्याचं अचूक उत्तर मिळालं होतं.

मग एकदा आई बोलता बोलता म्हणाली की पाणीपुरवठा संस्थेच्या कामाला म्हणून अण्णा कोऱ्या कागदांवर सह्या करून द्यायचे. संस्थेचा सचिव कोण? हाच पुतण्या. आता सही खरी आणि मृत्युपत्र खोटं हे दोन्ही एकाच कागदावर कसं बसतं ते लख्ख दिसलं. पण कोर्टात दाखवायचं कसं?

ते दाखवलं माझ्या बायकोने. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मी वर्षभर भिंग घेऊन सहीवर डोळे फोडत होतो, तिने झेरॉक्स हातात घेऊन मजकूर वरपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मुलीस ₹ 50,000 द्यावेत" इथे थांबली. म्हणाली, "हे चिन्ह 2009 ला कुठे होतं? ते आल्यावर आम्ही सामान्यज्ञानाच्या परीक्षेत प्रश्न काढला होता." केंद्र सरकारने रुपयाचं हे चिन्ह 15 जुलै 2010 ला स्वीकारलं. त्याआधी दीड वर्ष ते आमच्या तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे कुठून येणार?

त्यानंतर बाकीचंही दिसायला लागलं. वरच्या ओळींत ऐसपैस अंतर, शेवटच्या चार ओळी दाटीवाटीने कोंबलेल्या, कारण खाली सही आधीच हजर. तरी अण्णांच्या सहीतली लांब वेलांटी शेवटच्या छापील ओळीत घुसली होतीच. कागदाला चार घड्यांच्या जुन्या खुणा होत्या. लेझर प्रिंटचा टोनर, म्हणजे छपाईची पूड, कागदाच्या वर बसतो, त्यामुळे छापील कागद घडी घालून वर्षानुवर्षं ठेवला तर घडीवर अक्षरांचे टवके उडतात. इथे घडीवरची अक्षरं धडधाकट होती.

दुसरा अर्ज केला. या वेळी प्रश्न बदलून: सही आधी की छपाई आधी? समोरच्यांनी कडाडून विरोध केला, त्यावरूनच मला काय ते कळलं. अहवालात आलं की वेलांटी जिथे ओळीला छेदते तिथे बॉलपेनच्या शाईवर टोनर बसलाय, आणि सहीच्या इतर रेघांवरही टोनरचे सुटे कण आहेत. म्हणजे सही खाली, छपाई वर. उलटतपासणीत चुलतभावाने आधीच ठासून सांगितलं होतं की अण्णांनी 2009 लाच समोर बसून टाइप करून घेतलं आणि मग सही केली. त्यात ते ₹ चं चिन्ह. 2018 मध्ये निकाल आमच्या बाजूने लागला.

तर दादाचं म्हणणं काय? "बघ, शेवटी एक्स्पर्टनेच जिंकवलं." दर दिवाळीला हा वाद होतो. मी त्याला हिटलरच्या डायऱ्यांची गोष्ट ऐकवतो. 1983 मध्ये 'स्टर्न' या जर्मन साप्ताहिकाने त्या छापायला घेतल्या. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर हिटलरचं म्हणून पास केलं होतं, कारण ताडून बघायला जे "खरे" नमुने दिले त्यातले काही त्याच कॉनराड कुजाउ नावाच्या बनावटखोराच्या हातचे होते! सरकारी प्रयोगशाळेत कागद अतिनील दिव्याखाली धरला तेव्हा तो चमकला, त्यात युद्धानंतर वापरात आलेलं पांढरेपणाचं रसायन निघालं. बनावट करणारा सहीचा, अक्षराचा सराव करतो. कागदाचा सराव कोणी करत नाही.

म्हणून तुम्ही मजकूर वाचा. सही झाकून वाचा. जुन्या तारखेच्या कागदावर पिनकोड आहे? तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. 1995 च्या कागदावर "जिल्हा हिंगोली" लिहिलंय? तो जिल्हा 1999 चा. पालघर 2014 चा. वडिलांचं वय, गट नंबर, जमिनीचं क्षेत्र त्या तारखेला तेच होतं का, हे जुने सातबारे काढून ताडा. माझ्या मते याने बनावटगिरी जितकी पकडली जाते तितकी भिंगाने जात नाही.

झेरॉक्सच्या फोटोवरून मत देणारा कोणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. पेनाचा दाब, शाई, कशावर काय बसलंय, यातलं काहीच झेरॉक्समध्ये उतरत नाही. मूळ कागद कोर्टात हजर करायला लावा. शाईचं वय काढू असं सांगणाऱ्यांच्याही नादी लागू नका. बॉलपेनच्या शाईतलं द्रावक हळूहळू उडून जातं त्यावरून अंदाज बांधतात, पण साधारण दोनेक वर्षांनंतर त्यात मोजण्यासारखं फारसं उरत नाही, आणि कागदाचे बारीक तुकडे कापावे लागतात ते वेगळंच. मान्य सह्या मात्र आजच गोळा करायला लागा. त्याच सुमाराच्या हव्यात: हयातीचा दाखला, विमा, बँकेचे फॉर्म. बँका जुनी कागदपत्रं कायमची ठेवत नाहीत, हे मी आतला माणूस म्हणून सांगतोय.

साक्षीदार कोण आहेत तेही बघा. मृत्युपत्राला दोन लागतात, आणि हयात असेल त्यातल्या एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे सुप्रीम कोर्टाने 1958 मध्येच वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलंय. तज्ज्ञाचं मत हे मतच असतं, कोर्टावर बंधनकारक नसतं. आमच्या वेळी ते पुरावा कायद्याच्या कलम 45 खाली यायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली येतं.

मी वकील नाही, तज्ज्ञही नाही, हे आधी सांगायला हवं होतं. साफ खोट्या सहीची मृत्युपत्रंही असतात आणि तिथे दादाचाच रस्ता बरोबर. तुमच्या काकांनी पुढे केलेलं मृत्युपत्र कदाचित खरंही असेल. वडील मुलांना न सांगता पुष्कळ गोष्टी करतात, तीही तयारी ठेवा.

खर्चाचं विचारलंत. आजचे दर मला ठाऊक नाहीत. आम्हाला पहिला अहवाल 22 हजाराला पडला होता. दादा तो आकडा अजून 12 हजार सांगतो.