‘ऑब्व्हिएट’ अर्जात घालण्याआधी हे वाचा

नोकरीच्या अर्जात ‘माय मार्क्स ऑब्व्हिएट माय हार्ड वर्क’ हे वाक्य चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार, प्लीज घालू नका. इंग्रजीत ‘ऑब्व्हिएट’ म्हणजे एखादी गरज किंवा अडचण टाळणं, ‘स्पष्ट दाखवणं’ नव्हे. वाचून पोटात गोळा आला, कारण हाच शब्द ह्याच चुकीच्या अर्थाने मीही वापरलाय.

मी तेव्हा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मुंबईत ३० वर्षांच्या वरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करावंच लागतं, ते केलं तर गच्चीवरच्या टाकीखालचे कॉलम खराब निघाले. साहेबांनी येऊन बघावं म्हणून पालिकेच्या ऑफिसला पत्र दिलं, तेही इंग्रजीत, जरा वजन पडेल म्हणून. त्यात लिहिलं, ‘द रिपोर्ट ऑब्व्हिएट्स द नीड फॉर अ साइट इन्स्पेक्शन’. मला म्हणायचं होतं की रिपोर्टवरून पाहणीची गरज स्पष्ट दिसते, आणि अर्थ झाला की रिपोर्ट आहे म्हणून पाहणीची गरजच नाही! फाइल बंद. चार महिने खेटे घातले, टेबलावरचा माणूस फक्त ‘तुम्हीच लिहून दिलंय’ म्हणायचा, कुठली ओळ ते काही सांगेना. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड शिक्षिका काकूंना कॉपी दाखवली, त्यांनी लगेच बोट ठेवलं. तोवर जून लागला आणि टाकीखालच्या कुटुंबाला पावसाळाभर भाड्याने राहावं लागलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. चूक माझीच, पण सोबत जोडलेला रिपोर्ट एकाने तरी उघडायचा ना! त्यात कॉलमचे फोटो होते हो.

असो. ‘ऑब्व्हियस’ आणि ‘ऑब्व्हिएट’ दोन्ही लॅटिनमधल्या ‘वाटेत’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेत, गोंधळ तिथेच होतो. एक वाटेतच उभं म्हणून सहज दिसतं, दुसरं वाटेत आडवं जाऊन पुढचं टाळतं. म्हणून ‘ऑब्व्हिएट’च्या पुढे बहुतेक वेळा नीड, रिस्क, डिफिकल्टी असलं काहीतरी येतं, म्हणजे जे टळलेलं बरं ते. उदा. ‘ऑनलाइन पेमेंट ऑब्व्हिएट्स द नीड टू स्टँड इन अ क्यू’. माणसाला ऑब्व्हिएट करत नाहीत. तुमच्या वाक्यात साधं ‘रिफ्लेक्ट’ टाका, काम झालं.

मी इंग्रजीचा शिक्षक नाही, अकाउंट्समधला माणूस आहे, तेव्हा जाणकारांनी चुकलं तर सांगा. पण माझं ठाम मत आहे की शब्द आणि समोर एक मराठी अर्थ अशा याद्या पाठ करणं धोक्याचं. मराठीत आपण नवस बोलतो, पैज लावतो, शपथ घेतो, हे कुठल्या यादीतून शिकलो नाही, शब्द जोडीनेच कानावर पडले. ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, त्यात अर्थाखालची वाक्यं आधी वाचा, अर्थ नंतर.

आणि विषय निघालाय म्हणून, सोसायटीवाल्यांनो, पालिकेला पत्र मराठीत चालतं. आमचं दुसरं पत्र मी मराठीतच दिलं, ‘पाहणी करावी ही विनंती’ ही ओळ सगळ्यात वर, आणि रिपोर्टच्या कुठल्या पानावर काय आहे ते खाली.