बोंडू मोजून आलेला मुलगा

प्रश्न : मुलगा बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उद्योजकतेच्या विषयात 'व्यवसायसंधी ओळखा' या चाचणीत त्याला २० पैकी ७ गुण मिळाले. प्रश्नपत्रिका सोबत जोडली आहे. 'धंदा आपल्याला जमणारा नाही' म्हणून तो आता बँकेच्या परीक्षांची पुस्तकं आणतोय. सुट्टीत मात्र मामाच्या काजूबागेत कुजणारे बोंडू, म्हणजे काजूची फळं, मोजत बसला होता. काय करावं?
– एक आई, वेंगुर्ले

उत्तर : ताई, प्रश्नपत्रिका पाहिली. अर्ध्या तासात सुचतील तेवढ्या कल्पना लिहायच्या होत्या. त्यात भराभर सुचणारी मुलं पुढे जाणारच. पण संधी दिसते ती ज्याला त्या कामातलं आधीपासून काही ठाऊक असतं त्याला. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या त्रिमितीय छपाईच्या (थ्रीडी प्रिंटिंगच्या) एकाच शोधात आठ गटांना आठ वेगवेगळे धंदे दिसले, हे उद्योजकतेचे अभ्यासक स्कॉट शेन यांनी २००० साली दाखवून दिलं. कुणाला त्यात औषधाच्या गोळ्या दिसल्या, कुणाला सिरॅमिकची गाळणी. तुमच्या मुलाला काजूची बाग ठाऊक आहे. त्या कागदावर बाग कुठेच नव्हती!

तरीही 'तो जन्मजात धंदेवाईक आहे' असं मी म्हणणार नाही. मोजणं ही सुरुवात झाली. बीच्या कितीतरी पट वजनाचं फळ झाडाखाली सडतं, हे कोकणात सगळ्यांना दिसतं. पलीकडे गोव्यात त्याची फेणी होते, मग आपल्याकडे ते वाया का जातं? बोंडू दिवसभरात आंबायला लागतो, रस घशाला धरतो, ऐन हंगामात गडी मिळत नाहीत. यातली नेमकी कोणती अडचण सोडवली तर पैसे मोजणारं गिऱ्हाईक मिळेल, हे त्याने शोधावं. मामाला विचारावं, कोकम-आवळा सरबत करणाऱ्या बचतगटातल्या बायकांना विचारावं, दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करावी. कोण काय म्हणालं, आज ते काय करतात, त्यात किती खर्च होतो, सगळं तारखेसह वहीत उतरवावं.

मी माझ्या विद्यार्थ्यांना तपासते ती अशाच वहीवरून, महिन्याच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. विचारपूस करून सोडून दिलेल्या कल्पनेलाही मी गुण देते, कारण नसलेली संधी दिसणं फार महागात पडतं. बागा गहाण पडलेल्या मी पाहिल्या आहेत. ही नजर सरावाने तयार होते, म्हणून ७ गुणांवरून दार लावून घेऊ नका.

बँकेचा अभ्यास चालू राहू दे, त्याला माझी हरकत नाही. महिन्याभराने ती वही घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा.