वॉरन हार्डिंग गावातल्या वर्तमानपत्राचे संपादक होते, मग ओहायो राज्याच्या राजकारणात कसे पोचले?

हार्डिंग पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. तुम्ही विचारलंय की, ओहायोतल्या मॅरियनसारख्या लहान गावात दैनिक काढणारा माणूस आधी राज्याचा सिनेटर, मग लेफ्टनंट गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला उपप्रमुख) कसा झाला, आणि त्यात वर्तमानपत्राचा वाटा किती. माझं उत्तर असं की वाटा बहुतेक सगळाच वर्तमानपत्राचा होता. पण अग्रलेखांचा कमी. खरा जोर होता सरकारी नोटिसांचा, रेल्वेच्या पासाचा, साप्ताहिक आवृत्तीचा आणि हिशेब सांभाळणाऱ्या बायकोचा. हार्डिंगवर लिहिताना या गोष्टी दोन ओळींत उरकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1884 साली हार्डिंग अठरा वर्षांचे होते. दोन मित्रांबरोबर 300 डॉलर उभे करून त्यांनी 'मॅरियन स्टार' विकत घेतला. गावात तीन वर्तमानपत्रं होती, त्यांतलं हे सगळ्यांत दुबळं, पण दैनिक तेवढं हेच. वर्तमानपत्राबरोबर रेल्वेचा फुकट पास आला. त्या पासावर हार्डिंग शिकागोला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाला गेले आणि परत येऊन बघतात तर शेरीफने कर्जापोटी स्टार ताब्यात घेतलेला. पोटासाठी ते 'मिरर' या डेमोक्रॅटिक पत्रात कामाला लागले आणि राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार असलेल्या ज्या क्लीव्हलंडना त्यांचा विरोध होता, त्यांचीच स्तुती त्यांना लिहावी लागली. निवडणूक संपल्यावर वडिलांच्या मदतीने त्यांनी स्टार पुन्हा मिळवला.

आता छापखान्याकडे वळू, कारण पैसा तिथेच अडायचा. हार्डिंग शाळकरी वयातच कॅलिडोनिया गावच्या 'आर्गस' या पत्रात खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवायला शिकले होते. त्या काळात मजकूर एकेक खिळा उचलून हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळी लावायच्या लहान पट्टीत, लावत. स्टिक भरली की मजकूर गॅलीत, म्हणजे लांब तबकात, उतरवायचा, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, मग पान लावून लोखंडी चौकटीत पाचरांनी घट्ट आवळायचं. एखादी ओळ जरी सैल राहिली तरी चौकट उचलताना मधले खिळे सांडतात आणि दुपारची सगळी मेहनत जमिनीवर येते. छपाई झाल्यावर शाई धुऊन प्रत्येक खिळा पुन्हा पेटीतल्या आपापल्या घरात टाकायचा, ते काम वेगळंच.

जुळाऱ्याचं काम 'एम'मध्ये मोजत. एम म्हणजे टाइपच्या मापाइतक्याच लांबी-रुंदीचा चौकोन. हाताने जुळवणारा माणूस तासाला साधारण हजार एम लावत असे. स्तंभ 13 पायका रुंद (पायका म्हणजे इंचाचा साधारण सहावा भाग), 20 इंच उंच आणि टाइप 8 पॉइंट (पॉइंट म्हणजे पायकाचा बारावा भाग) धरला तर एका स्तंभात सुमारे साडेतीन हजार एम बसतात, म्हणजे एका माणसाचे साडेतीन तास. सहा-सहा स्तंभांची चार पानं रोज नव्याने भरायची तर 84 तास लागतील. लहान गावाच्या दैनिकाला एवढी माणसं परवडत नाहीत. म्हणून अशी पत्रं बाहेरून तयार मजकुराचे धातूचे ओतीव पत्रे मागवत, जाहिराती आठवडाभर तशाच उभ्या ठेवत आणि गावच्या बातमीसाठी दोन-चार स्तंभच रोज नवे जुळवत. त्या दोन-चार स्तंभांत कोणाची नावं येतात, यावर खप ठरे.

हार्डिंग यांनी आपल्या माणसांना दिलेले नियम इथे कामाला आले. प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात, दोन्ही घ्या. खोडी काढण्यापेक्षा गावाची उमेद वाढवा. एखाद्याच्या गैरकृत्यामुळे त्याच्या निरपराध बायकामुलांची मान खाली जाईल असं टाळता येत असेल तर टाळा. गावही वाढत होतं. 1880 मध्ये वस्ती 4,000, दहा वर्षांत दुप्पट, 1900 मध्ये 12,000. वाफेवर चालणारे खोदाईचे फावडे बनवणारा कारखाना 1884 मध्येच तिथे सुरू झाला. असे कारखाने वाढले की कामगार वाढतात, कामगार वाढले की दुकानं, आणि दुकानं आली की जाहिराती. हार्डिंग यांनी स्थानिक उद्योगांचे शेअरही घेतले. काही बुडाले, पण एकंदरीत फायदाच झाला.

राजकारणाचा खरा पेच इथून पुढे. मॅरियन गाव रिपब्लिकनांकडे झुकणारं, पण भोवतालची कौंटी, म्हणजे जिल्हा, डेमोक्रॅट. दैनिकात उघड पक्ष घेतला तर आसपासचे शेतकरी आणि त्यांना माल विकणारे दुकानदार तुटतात. पक्ष घेतलाच नाही तर पक्षाकडून मिळणारं काम दुसऱ्या पत्राकडे जातं. हार्डिंग यांनी यातून असा मार्ग काढला की दैनिक स्टार निःपक्ष म्हणून जाहीर केला आणि सोबत सौम्य रिपब्लिकन वळणाची साप्ताहिक आवृत्ती काढली. अशा जोडीचा एक फायदा छापखान्यातल्या माणसाच्या लगेच लक्षात येईल. दैनिकासाठी जुळवलेला मजकूर न सोडवता ठेवला की तोच साप्ताहिकात चालतो, जुळणीचा खर्च दुसऱ्यांदा पडत नाही. जाहिरातदार स्टारकडे वळले आणि गावातलं जुनं रिपब्लिकन साप्ताहिक बंद पडलं.

दुसरा टप्पा सरकारी नोटिसांचा. आपल्याकडच्या जिल्हा साप्ताहिकांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कर, लिलाव, ठराव यांच्या जाहीर नोटिसा छापण्याचं काम ज्या पत्राला मिळतं, त्याला खप कमी असला तरी ठरावीक उत्पन्न असतं. मॅरियनमध्ये हे काम 'इंडिपेंडंट' या पत्राकडे होतं. इंडिपेंडंट पालिकेकडून जादा दर लावतो, हे हार्डिंग यांनी उघड केलं आणि 1893 मध्ये नोटिसा स्टारकडे आल्या. माझ्या मते गावाच्या राजकारणातला त्यांचा हा सगळ्यांत मोठा विजय.

तिसरी गोष्ट फ्लॉरेन्स. गावातले बडे श्रीमंत एमोस क्लिंग यांची ही मुलगी, हार्डिंग यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, घटस्फोटित, एका मुलाची आई. एमोस यांचा लग्नाला इतका विरोध की त्यांनी व्यापाऱ्यांना हार्डिंग यांच्या धंद्यावर बहिष्कार टाकायला सांगितलं. लग्न 8 जुलै 1891 ला झालं. 1894 मध्ये हार्डिंग प्रकृतीसाठी बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात असताना स्टारचा व्यवस्थापक नोकरी सोडून गेला आणि फ्लॉरेन्स यांनी त्याची जागा घेतली. वसुली, खर्च, घरोघरी अंक टाकणारी मुलं, सगळं त्यांच्याकडे आलं. पुढे समाजवादी पक्षातर्फे सहा वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे नॉर्मन थॉमस मॅरियनचेच, आणि लहानपणी ते स्टारचे अंक टाकत. फ्लॉरेन्स यांनी घडी बसवली म्हणूनच हार्डिंग यांना आठवडेच्या आठवडे भाषणांसाठी बाहेर राहता आलं. पैसे वसूल करणारं घरात कोणी नसेल तर दौऱ्यावरच्या संपादकाचं पत्र वर्षभरात बुडतं. याचं श्रेय फ्लॉरेन्सना फार उशिरा मिळालं, आणि अजूनही पुरेसं मिळालेलं नाही.

चौथी गोष्ट पास. रेल्वे कंपन्या वर्तमानपत्रांना प्रसिद्धीच्या बदल्यात फुकट प्रवास देत. हार्डिंग यांनी स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी असा व्यवहार केला, ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. 1906 च्या हेपबर्न कायद्याने हे पास बरेचसे थांबवले, पण तोवर हार्डिंग राज्यभर ओळखीचे झाले होते. 1895 मध्ये ते कौंटी ऑडिटरची (जिल्ह्याच्या हिशेब तपासनिसाची) निवडणूक हरले, तरी डेमोक्रॅट कौंटीत अपेक्षेपेक्षा जास्त मतं घेतली. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली यांच्या प्रचारासाठी ते ओहायोभर बोलत फिरले.

1899 मध्ये ते राज्याच्या सिनेटवर निवडून आले. त्या वेळी या जागेचं वजन आजच्यापेक्षा वेगळं होतं. वॉशिंग्टनमधले सिनेटर तेव्हा जनता नाही, राज्याचं विधिमंडळ निवडत असे. 1898 च्या जानेवारीत रिपब्लिकन नेते मार्क हॅना हे ओहायोच्या विधिमंडळात जेमतेम बहुमताने वॉशिंग्टनसाठी निवडून आले होते. त्यामुळे हॅना आणि जोसेफ फोरेकर, या पक्षातल्या दोन नेत्यांच्या गटांना एकेक आमदार मोलाचा होता. ज्याचं कोणाशीच वाकडं नाही असा संपादक दोघांनाही चालत होता. राज्याच्या सिनेटरने एकदाच निवडून यावं असा प्रघात असतानाही 1901 मध्ये पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली आणि त्यांचं मताधिक्य दुपटीहून वाढून 3,563 झालं. 1904 ते 1906 ते लेफ्टनंट गव्हर्नर होते. याच काळातली एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. अंधशाळेत जास्त पात्र उमेदवार असताना त्यांनी तिथे आपल्या बहिणीला शिक्षिका म्हणून नेमवून घेतलं.

सगळ्यांशी सलोखा ठेवण्याची ही रीत कुठे अपुरी पडली, तेही दिसतं. 1910 मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा पक्षच दुभंगलेला होता, आणि डेमोक्रॅट जडसन हार्मन यांच्याकडून ते सुमारे 1 लाख मतांनी हरले. मतदारसंघात दोन्ही गटांना सांभाळता येतं, पण गट एकमेकांना पाडायला निघाले की मधल्या माणसाची मतं दोन्हीकडून गळतात. 1914 मध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटरांची निवड थेट मतदानाने होऊ लागली होती. त्या निवडणुकीत ते जिंकले आणि 1915 मध्ये दोघं वॉशिंग्टनला गेले. फ्लॉरेन्स यांचं स्टारमधलं काम तिथे थांबलं.

1920 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हार्डिंग यांच्यासमोर उभे होते जेम्स कॉक्स, म्हणजे ओहायोचेच, डेटनमधल्या दैनिकाचे मालक. दोन्ही प्रमुख पक्षांचे उमेदवार एकाच राज्यातले वर्तमानपत्रवाले. त्या काळात गावागावांतली पत्रं राजकारणाची किती मोठी शाळा होती, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही. हार्डिंग यांनी प्रचाराचा बराचसा भाग मॅरियनमधल्या आपल्या घराच्या ओसरीवरूनच केला.

1923 च्या जूनमध्ये त्यांनी स्टार 5,50,000 डॉलरला विकला. पुढे दोन महिन्यांच्या आत, 2 ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं.