धडधड थांबली तरी रक्त पातळ करायची गोळी चालूच ठेवायची का?

तुमच्या आई ६८ वर्षांच्या, बीपी आहेच, ईसीजीत ‘एएफ’ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं. गोळ्यांनी आठवड्यात धडधड थांबली, म्हणून ‘आता ती रक्त पातळ करायची गोळी कशाला’ असं त्या म्हणतात. सहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो.

ठाण्याला स्टेशनच्या पुलावर दम लागायचा, छातीत काहीतरी वेडंवाकडं नाचायचं. मी ॲसिडिटी समजून ईनो पिऊन तलावपाळीवर बसून राहायचो. ईसीजी काढला तोही नॉर्मल, कारण तोवर ठोके ताळ्यावर आलेले. शेवटी २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठेवायचं, ठोके नोंदवणारं यंत्र) सापडलं. आणि गंमत म्हणजे, रात्री मी ढाराढूर झोपलेलो असतानाही ठोके तासभर बिघडलेले होते. मला पत्ता नाही!

आईंना हेच सांगा. धडधड कळली नाही म्हणजे ती झाली नाही, असं नसतं. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो, तिथे रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट वाढतो, त्यात ६५ च्या पुढचं वय आणि बीपी दोन्ही भर घालतात. एक गोळी ठोक्यांचा वेग आवरते, दुसरी गुठळी होऊ देत नाही. पहिलीने बरं वाटलं म्हणून दुसरी सोडायची नाही. शेजारचे काका सांगतात ती ॲस्पिरिन इथे पुरत नाही. लसूण तर फोडणीतच बरा.

रक्त पातळ करायची जुनी गोळी, वॉरफेरिन, असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. पालक-मेथी बंद नको, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. ॲपिक्साबॅनसारखी नवी गोळी असेल तर आयएनआर नको, पण किडनीची तपासणी हवी, आणि वेळ चुकवायची नाही. माझी संध्याकाळची गोळी देवघरात निरांजनाशेजारी असते. (हृदयाची मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवली असेल तर मात्र वॉरफेरिनच देतात.)

मला खरी भीती वाटते ती गुडघेदुखीची. केमिस्टकडून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी रक्त पातळ करायच्या गोळीसोबत घेतली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दाताच्या डॉक्टरांनाही आधी सांगायचं.

एएफमागे कधी थायरॉईड किंवा झोपेतलं घोरणंही असतं. थायरॉईड तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. घोरत असतील तर तेही सांगा. अब्लेशन (हृदयात नळी घालून ठोके बिघडवणारा भाग निकामी करणं) वगैरे पुढचं पुढे. नाडी मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजा. घरचं बीपीचं मशीन एएफमध्ये दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, तीनदा घ्या.

तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट नको. १०८ ला फोन करा, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बहुधा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी कधी घेतली हे ते पहिल्यांदा विचारतात. माझ्या पाकिटात लोकलच्या पासमागे गोळीचं नाव आणि वेळा लिहिलेली चिठ्ठी असते. आईंच्या पर्समध्येही एक ठेवा.