गजांतून माणूस गेला, पिस्तूल अडकलं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की 'टर्मिनेटर २: जजमेंट डे' दर दोन वर्षांनी तरी बघते. भविष्यातून आलेल्या दोन यंत्रमानवांचा हा सिनेमा, एक एका पोराला मारायला आलेला, दुसरा त्याला वाचवायला. त्यावर आलेला पत्रांचा गठ्ठा पाहता या महिन्यात दुसरा विषय काढायची सोय उरलेली नाही. चार पत्रं घेतेय.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलाला हा सिनेमा दाखवला. "१९९१ चा? म्हणजे सगळं खोटं दिसणार," असं म्हणत तो मोबाइल हातात धरूनच बसला. इस्पितळात तो पोलिसाच्या वेशातला खलनायक बंद दाराच्या गजांतून आरपार येतो, तिथं मात्र मोबाइल खाली गेला. बऱ्याच नंतरच्या सिनेमांतल्या करामतींना तो हसतो. मग इथं का हसला नाही?

उत्तर : त्याला तो प्रसंग पुन्हा दाखवा आणि या वेळी खलनायकाच्या हाताकडे बघायला सांगा. चेहरा आणि छाती गजांना वळसा घालत पाऱ्यासारखी अलीकडे सरकते, पुन्हा सांधते. माणूस बाहेर आला असं वाटतं, आणि खट्! हातातलं पिस्तूल गजांना अडकतं. तो द्रवरूप धातूचा असला तरी पिस्तूल साधं, कुणीतरी कारखान्यात बनवलेलं. तो मनगट वळवतो, पिस्तूल सोडवून घेतो आणि चालू लागतो.

अठ्ठावीस वर्षं संकलन करतेय, पण याहून हुशार खट् मी ऐकलेला नाही. एकदा विद्यार्थ्यांना हा तुकडा आधी आवाज बंद करून दाखवला. "छान केलंय," म्हणाले. मग आवाजासकट दाखवला, तर पुढच्या रांगेतली एक मुलगी खुर्चीत मागे सरकली. पिस्तूल अडकलं की गज खरे होतात, आणि गज खरे झाले की त्यांतून येणाराही खरा होतो. बरं, शरीर गजांतून सरकताना जो ओला, चिकट आवाज येतो तो कसला? ध्वनिकार गॅरी रायडस्ट्रॉम यांनी डब्यातून हळूहळू घसरत बाहेर येणाऱ्या कुत्र्याच्या खाद्याचा आवाज वापरलाय. यात कॉम्प्युटरचा काही संबंध नाही!

कॉम्प्युटरचं काम एकूण १३७ मिनिटांत जेमतेम पाच मिनिटांचं. ते महाग होतं, वेळखाऊ होतं, म्हणून दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी ते मोजून मापून वापरलं. अंगावर गोळ्या लागल्यावर उमलणारी चकचकीत रुपेरी भोकं आठवतात? ती सिनेमासाठी असल्या करामती घडवणारे कारागीर स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यात बनवलेली खरीखुरी वस्तू होती. शर्टाखाली मिटवून ठेवायची आणि वेळ आली की फटकन उघडायची. हेलिकॉप्टर पुलाखालून जातं, तेही वैमानिकानं खरोखर नेलंय. ते टिपायला कॅमेऱ्याची माणसं तयार होईनात, तेव्हा कॅमेरॉन स्वतः कॅमेरा घेऊन बसले. असल्या खऱ्या पसाऱ्यात मधूनच ती पाच मिनिटं येतात. डोळ्याला खऱ्याची इतकी सवय लागलेली असते की खोटं वेगळं काढायला तो थांबत नाही. पुढे हे तंत्र स्वस्त झालं आणि अख्खी चौकटच त्यानं भरायची चटक लागली. तुमचा मुलगा हसतो तो त्यालाच, आणि बरोबर हसतो.

प्रश्न : अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या आडदांड शरीरासमोर इतका सडपातळ माणूस खलनायक म्हणून का घेतला असेल?

उत्तर : आडदांडासमोर आणखी आडदांड उभा केला असता तर ती कुस्ती झाली असती. खलनायक झालेल्या रॉबर्ट पॅट्रिक यांनी यासाठी काय केलं ते बघा. तोंड मिटून, फक्त नाकानं श्वास घेत जिवाच्या आकांतानं धावण्याचा सराव केला, आणि पापणी न लवता गोळी झाडण्याचा. धाप न लागणारा माणूस मागे लागलाय, ही भीती दंडाच्या घेराने येत नाही.

यात आणखी एक चलाखी आहे. १९८४ च्या पहिल्या भागात मारेकरी अर्नोल्डच होता. त्यामुळे मॉलच्या मागच्या बोळात एका बाजूनं तो गुलाबांचा खोका घेऊन येतो आणि दुसऱ्या बाजूला पोलीस, तेव्हा पोरानं कुणाकडे पळावं हे आपल्यालाही ठरवता येत नाही. खोक्यातून बंदूक निघते, गुलाब जमिनीवर सांडतात, तो त्यांच्यावर पाय देऊन पुढे येतो आणि पोराला म्हणतो, खाली वाक. वाचवायला आलेला कोण, याबद्दल तोवर सिनेमानं एक अक्षर काढलेलं नसतं. जाहिरातीच्या झलकीत मात्र हे गुपित आधीच फोडून टाकलं होतं. संकलक म्हणून मला त्याचा आजही राग येतो.

प्रश्न : लांब आवृत्ती बघावी का?

उत्तर : आरशाच्या प्रसंगासाठी बघा. बाकी जोडलेल्या भागानं चाल मंदावते, मला आखूडच आवडते. या प्रसंगात नायिका अर्नोल्डच्या डोक्यातून चिप काढते आणि समोरच्या आरशात सगळं दिसतं. प्रत्यक्षात आरसा नव्हताच, भिंतीला चौकोनी भोक होतं. पलीकडे खरा अर्नोल्ड आणि नायिका झालेली लिंडा हॅमिल्टन. अलीकडे, आपल्याकडे पाठ करून, अर्नोल्डचा पुतळा आणि लिंडाची जुळी बहीण लेस्ली. दोघी बहिणी एकाच वेळी, एकाच तालात हात हलवताहेत. कळल्यावर पुन्हा बघितलं तरी मला सांधा सापडत नाही.

प्रश्न : काळप्रवासात फक्त जिवंत मांस किंवा त्यानं झाकलेलंच येऊ शकतं, असं पहिल्या भागात सांगितलंय. मग हा निव्वळ धातूचा खलनायक, टी-१०००, आला कसा? सहाव्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं.

उत्तर : सिनेमा याचं उत्तर देत नाही, आणि मीही ओढूनताणून देणार नाही. भोक आहे, मान्य. पण आधीचे पाच वेळा तुम्ही काय बघत होतात, ते पुढच्या पत्रात कळवा.