एकाच कळपात एकच शेळी का खंगते?

प्रश्न: आमच्याकडे वाळपयच्या बाजूला थोड्या शेळ्या आहेत. सगळ्या एकत्रच चरतात, तरी पावसात एकच खंगली. डॉक्टरांनी लेंड्या तपासल्या तर म्हणे हिमोंकस, पट्टकृमी आणि लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा जंत), तिन्ही जंत आहेत! आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध तर सगळ्यांना दिलं होतं. हे तिन्ही हिच्यातच कसे जमले?
— एक वाचक, सत्तरी, गोवा

उत्तर: जमतात एकेक करून. हे जंत शेळीच्या पोटात अंडी घालतात पण ती लेंडीतून बाहेर जातात, तिथल्या तिथे पिढी वाढत नाही, म्हणजे आतला जवळपास प्रत्येक मोठा जंत शेळीने बाहेरून गिळलेला असतो. आणि प्रत्येकाची यायची वाट वेगळी. हिमोंकस म्हणजे रक्त पिणारा, त्याच्या अळ्या ओल्या गवतावर चढून बसतात, पट्टकृमी गवतातल्या माइट्स नावाच्या बारीक किड्यांमधून येतो, फ्लूकला पाण्यातली गोगलगाय लागते. मेरेवरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, बुटकं ओलं गवत जास्त खाणारी शेळी तिन्ही वाटा उघडून बसते, झाडपाला ओरबाडणारी बरीच वाचते.

आत गेल्यावर जागाही वेगळ्या. हिमोंकस चौथ्या पोटात, पट्टकृमी लहान आतड्यात, फ्लूक पित्ताच्या नळ्यांत. पण शेजार एकच असला की धक्काबुक्की होतेच. १९६१ साली जॉन होम्स या शास्त्रज्ञांनी उंदरांत दाखवलं, की काटेरी सोंडेचा दुसरा जंत सोबत असला की पट्टकृमी आतड्यात मागे सरकतो. म्हणजे कोण कुठे राहणार ते सोबतीला कोण आहे त्यावरही ठरतं.

बाकी कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांत असणं हे अगदी नेहमीचं. जात, वय, खुराक, आणि व्यायल्यावर शेळीची ताकद उतरते तो काळ, या सगळ्याचा हात असतो. तुमची नुकतीच व्यायली होती का?

आता औषध. आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर चालतं, पट्टकृमी आणि फ्लूकवर नाही, त्यामुळे ते दोघे राहिले यात नवल नाही. पण हिमोंकसही राहिला म्हणजे डोस कमी पडला, नाहीतर तो औषधाला सरावलाय, नाहीतर नंतर गवतातून परत आला. डोस अंदाजपंचे देऊ नका, वजन करा, आणि औषधानंतर साधारण दोन आठवड्यांनी लेंड्या परत तपासून घ्या. खालची पापणी ओढून बघा, आत पांढरट दिसलं तर रक्त कमी झालंय, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.