रत्नागिरीत पावसाळ्यात मायक्रोमीटर, व्हर्नियर या बारीक माप घ्यायच्या साधनांना गंज धरतो, काय करावं?

खाऱ्या हवेइतकाच हाताचा घाम नडतो, म्हणून काम झालं की सुती फडक्याने नीट पुसा, मशीन ऑइलचा अगदी पातळ हात फिरवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, पण ती पुडी अधूनमधून बदलायलाच हवी, ओल पिऊन भरली की तिचा काही उपयोग नाही. मायक्रोमीटर ठेवताना तोंड पूर्ण बंद करू नका, थोडी फट ठेवा, मापणारे दोन्ही फेस (सपाट टोकं) चिकटून राहिले की मधे ओल धरते आणि नेमका तिथेच गंज, मग झीरो कसला जुळतोय! आणि मशीनवरून काढलेला गरम जॉब (घडवलेला भाग) लगेच मापू नका प्लीज, १०० एमएम स्टीलला १० डिग्रीत ११-१२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) फरक पडतो.